बिरादार काकांचा इम्पॅक्ट रेंच

बिरादार काकांकडे गाडी नाही. स्कूटरही नाही. एक सायकल आहे, तिच्यावरून ते दळण आणतात. पण आमच्या कॉलनीतल्या एकूण एक गाडीच्या चाकाचा नट किती मिलिमीटरचा आहे, ते त्यांना तोंडपाठ आहे. कुणाच्या चाकाला चार नट, कुणाच्या पाच, कुणाचा एक नट मूळचा नसून बाजारातून आणून बसवलेला, सगळं. सकाळी फिरायला निघालेली माणसं एकमेकांना रामराम करून पुढं जातात. काका रामराम झाल्यावर जरासे थांबतात आणि विचारतात, "तुमचं मागचं डावं चाक कुणी कसलं हो?"

आमची ओळख अशीच झाली. नांदेडला या कॉलनीत राहायला येऊन आम्हाला आठवडा झाला असेल. मी कॉलेजात ग्रंथपाल, त्यामुळे सकाळी धावपळ. डबा घेऊन बाहेर आले, तर पांढरा सदरा-लेंगा घातलेले, खिशाला दोन पेनं लावलेले एक गृहस्थ माझ्या गाडीच्या चाकापाशी उकिडवे बसलेले. हातात व्हर्नियर कॅलिपर. चोर असते तर मला बघून पळाले असते. हे सावकाश उठले, अंगठ्यानं चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "एकोणीस. लिहून घ्या."

"काय एकोणीस?"

"नट. गाडीत पाना हाय का तुमच्या?"

"असेल की."

"असंल म्हंजे? हाय का न्हाई?"

मी डिकी उघडली. गाडी जुनीच घेतलेली, आधीच्या मालकानं ठेवलेला पाना कोपऱ्यात पडला होता. काकांनी तो नटाला लावून फिरवून दाखवला. पाना गरागरा फिरला, नट जागचा हलला नाही. पाना एकवीसचा होता. म्हणजे आठ महिने मी भोकरला बहिणीकडं, उदगीरला सासरी, सगळीकडं हा निरुपयोगी लोखंडाचा तुकडा डिकीत घालून मोठ्या भरवशानं हिंडत होते.

"आता बोला, सोनकांबळे मॅडम," ते म्हणाले. माझं आडनाव त्यांनी दारावरच्या पाटीवरून वाचून ठेवलं होतं.

काका मूळचे जळकोटकडचे. चौतीस वर्षं सरकारी मोजणीदार होते. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतले किती बांध त्यांनी मोजले असतील, त्याची गणती फक्त त्यांच्याकडं आहे. भावाभावांची भांडणं, उपटलेले दगड, सरकवलेले बांध, या सगळ्यांच्या मधोमध उभं राहून आकडा सांगायचा, एवढंच काम त्यांनी आयुष्यभर केलं. त्यामुळं 'अंदाजे' हा शब्द त्यांना सहन होत नाही. कुणी तो उच्चारला की त्यांच्या कपाळावर आठी उमटते आणि प्रश्न येतो, "अंदाजे म्हंजे किती?"

दूधवाल्यानं "अंदाजे सातला येतो" म्हणून सांगितलं, तर काका पुढचे पंधरा दिवस वही घेऊन फाटकात उभे राहिले आणि सोळाव्या दिवशी त्याला त्याच्याच वेळांची सरासरी काढून दिली. डॉक्टरांनी "मीठ थोडं कमी करा" म्हटलं, तर हे खुर्चीवरून उठेनात. "थोडं म्हंजे किती? तुम्ही लिहून द्या." शेवटी डॉक्टरांनी ग्रॅममध्ये लिहून दिलं. मला वाटतं, औषधाच्या चिठ्ठीवर मीठ लिहून घेणारे नांदेडातले ते एकटेच.

अशा माणसानं दीड वर्षापूर्वी एक दिवस ठरवलं, की बिनवायरचा, बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच घ्यायचा.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. टायरच्या दुकानात टर्रर्र आवाज करत चाकाचे नट क्षणात सोडवणारी गन असते ना, तसंच. फक्त त्या गनीला हवेची नळी लागते, याला बॅटरी पुरते. आकार भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिलसारखा. पण ड्रिल नुसतं फिरतं. हे फिरता फिरता आतून हातोडीसारखे ठोके मारतं, आणि त्या ठोक्यांनी जाम नट सुटतो. हे सगळं मला काकांनी आमच्या पायरीवर बसून, चहाची कपबशी बाजूला ठेवून, माझ्याच लाटण्यावर हात मारून समजावलं.

दुसरा कुणी असता तर दुकानात गेला असता आणि एक उचलून आणला असता. काकांनी एक जाड रजिस्टर आणलं. त्यावर व्यवस्थित रकाने आखले: यंत्राचं नाव, बॅटरीसकट वजन, बॅटरीशिवाय वजन, मोटर कुठली, सुटे भाग कुठं मिळतात, दुरुस्ती नांदेडात होते का हैदराबादला पाठवावं लागतं. संध्याकाळी जाड भिंगाचा चष्मा लावून ते मोबाईलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ बघायचे. इंग्रजी जेमतेम. पण आकडे त्यांना कुठल्याही भाषेत कळतात.

"मॅडम, डब्ब्यावरच्या जोराच्या आकड्यावर जायचं न्हाई," एकदा ते म्हणाले. "डब्ब्यावरचा आकडा म्हंजे लग्नाच्या बायोडाटातला पगार. त्यांनी सातशे लिवलं तर आपण चारशे धरायचं."

"मग खरा आकडा कसा कळणार?"

"वापरून बघितल्याबिगर कसा कळंल?" ते म्हणाले, आणि लग्नाबद्दल म्हणाले की यंत्राबद्दल, ते मला नीट उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरीचा विषय निघाला. बॅटरीची सोयरीक एकदाच जुळते, असं त्यांचं म्हणणं. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही, म्हणून आज घेतलेल्या बॅटरीवर उद्याचं ड्रिल, परवाचा ग्राइंडर, सगळं चाललं पाहिजे. "माणूस मशीन बघतो," ते म्हणाले, "बघायला पाहिजे बॅटरीचं खानदान."

आणि एक नियम त्यांनी मला तीनदा वदवून घेतला. मशीनचं काम सोडवण्यापुरतं. कसताना आधी हातानं नट बसवायचा आणि शेवटी टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्यानं, आवळायचा. गाडीच्या पुस्तकात जेवढा जोर लिहिलाय तेवढाच. "पंक्चरवाला काय करतो? हवेच्या गनीनं दणादणा कसतो. पुस्तकात एकशे दहा आसतं, हा तीनशेवर नेतो. मंग रस्त्यात चाक बसलं की फूटभर पान्यानं ते सुटावं कसं? पैलवानाला सुटायचं न्हाई."

हे सांगताना त्यांचा आवाज एरवीपेक्षा चढला होता. मला ते जरा जास्तच वाटलं. गाडी नसलेल्या माणसाला एवढं चिडायला काय झालं?

वजिराबादच्या बाजूला सत्तारभाईंचं हत्यारांचं दुकान आहे. तिथं काका तेरा वेळा जाऊन आले होते, चौदाव्या वेळी मला घेऊन गेले. सोबत कापडी पिशवीत भंगारातून आणलेला चाकाचा हब, त्यात गंजलेले चार नट, ताणकाटा आणि रजिस्टर. सत्तारभाईंनी आम्हाला बघितलं आणि आतल्या पोराला न विचारताच दोन चहा सांगितले.

"काका," ते म्हणाले, "एक बात बोलो. तुम कू मशीन होना, की मशीन की मोजणी होना?"

"दोन्ही," काका म्हणाले.

त्यांनी पाच यंत्रं काउंटरवर मांडायला लावली. एकेक ताणकाट्याला टांगून वजन घेतलं. सत्तारभाई दर वेळी सगळ्यात दणकट यंत्र पुढं सरकवत होते, "ये लो काका, ट्रक का भी नट खोलता," आणि काका दर वेळी ते मागं सरकवत होते.

"लई जड हाय."

"अरे, जड म्हणजेच जोर है ना!"

"मला ट्रक खोलायचा न्हाई."

मग ते माझ्याकडं वळले. "मॅडम, जराक मनगट द्या. हे धरा, हात पुढं करा. आसं. मी घड्याळ लावतो."

भर दुकानात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मी हात लांब करून ते यंत्र धरून उभी. एक मिनिट झालं. दीड झालं. एक गिऱ्हाईक फेविकॉल घ्यायला आलं होतं, ते खरेदी विसरून माझ्याकडं बघत राहिलं. पावणेदोन मिनिटांनी माझा हात थरथरायला लागला. काकांनी लगेच यंत्र काढून घेतलं, रजिस्टरमध्ये लिहिलं आणि दुसरं दिलं. असं पाचही. शेवटच्या छोट्या, आखूड यंत्राला मी चार मिनिटं टिकले. मग त्यांनी हब शिकंज्यात पकडायला लावला आणि त्या छोट्या यंत्रानं मलाच गंजलेला नट खोलायला सांगितलं. बटण दाबलं, टर्रर्र झालं, हाताला झिणझिण्या आल्या आणि नट सुटून काउंटरखाली गडगडत गेला. खरं सांगते, मला फार मजा आली.

"हेच," काका म्हणाले.

"हे? काका, ये तो सबसे छोटा है!"

"हेच द्या. आन् नटाला बसवायची गोटी काळी द्या, चकचकीत नको. चकचकीत गोटी ठोके सोसत न्हाई, तडकती."

सत्तारभाईंनी यंत्र खोक्यात भरलं आणि हात जोडून छताकडं बघितलं. दीड वर्षाचा मुकदमा निकाली निघाला होता.

कॉलनीत बातमी पसरली. शेजारच्या देशमुखांनी तर मुद्दाम चाक खोलून बघायचं आमंत्रण दिलं. काका "बघू" म्हणाले. दोन आठवडे गेले, तिसरा गेला. खोकं त्यांच्या बैठकीतल्या टेबलावर होतं. बॅटरी चार्ज करून ठेवलेली, गोटी तेल पुसून ठेवलेली. कुणी विचारलं की काका म्हणायचे, "हे त्याच्यासाठी न्हाई."

मग ते कशासाठी, हे कुणाला कळेना. लोक हसायला लागले. म्हातारा दीड वर्षं मशीन निवडतो आणि शोकेसला ठेवतो, असं बोलू लागले. मीही एकदोनदा हसले असेन.

एका संध्याकाळी काका आमच्याकडं आले. बसले, चहा घेतला, पण नटाचा विषय काही निघाला नाही. शेवटी म्हणाले, "मॅडम, पार्सलवाला म्हणतो लिथियमची बॅटरी हाय, आम्ही घेणार न्हाई. तीन पार्सलवाल्यांकडं जाऊन आलो. बॅटरीबिगर मशीन पाठवून काय उपयोग?"

"कुणाला पाठवायचंय?"

काकांनी खिशातून मोबाईल काढला, बराच वेळ बोट सरकवत राहिले आणि दीड वर्षापूर्वीचा, जपून ठेवलेला एक फोटो माझ्यासमोर धरला. दोन्ही बाजूंनी सागाची झाडं, मधून अरुंद रस्ता, त्यावर एक लहान लाल गाडी, पुढचं चाक बसलेलं. त्याच्या पुढचा फोटो एका तळहाताचा होता. तळव्यावर दोन फोड, एक फुटलेला. खाली लिहिलं होतं, 'दोन तास. एक नट.'

"ही वैशाली," ते म्हणाले. "माझी मुलगी. किनवटकडं उपकेंद्रात हाय. तांड्या-वाड्यांवर गाडी घेऊन एकटी फिरती."

काकांना मुलगी आहे हे मला पहिल्यांदा कळलं. दोन वर्षं आम्ही शेजारी होतो.

मग त्यांनी सांगितलं. वैशाली सहा वर्षांची असताना तिची आई वारली. मोजणीच्या गावोगावच्या मुक्कामी काका तिला सोबत न्यायचे, शाळेला सुट्टी असली की ती शेतात टेपचं दुसरं टोक धरून उभी राहायची. नर्सिंगचं शिक्षण घेतलं, नोकरी लागली. तीन वर्षांपूर्वी तिनं तिथल्याच आश्रमशाळेतल्या एका शिक्षकाशी लग्न ठरवलं. मुलगा चांगला, निर्व्यसनी, नोकरीतला. त्याचं नाव प्रशांत, आडनाव गजभारे.

"मी लग्नाला गेलो न्हाई," काका म्हणाले. "भावकीनं सांगितलं, गेलास तर आमची दारं बंद. म्या तिला फोनवर लई बोललो. काय बोललो ते तुम्हाला सांगता येत न्हाई. त्याच्यानंतर फोन बंद. तिचा बी, माझा बी."

"मग हा फोटो?"

"ती स्टेटस ठेवती. मी बघतो. कुणी बघितलं ते तिला दिसतं." त्यांनी मोबाईल परत खिशात घातला. "तिनं माझा नंबर काढून टाकला न्हाई. तेवढंच चालू हाय तीन वर्षं. ती ठेवती, मी बघतो."

मला राग आला होता, आणि हा माणूस समोर बसून माझ्याच घरचा चहा पीत होता.

"काका," मी म्हटलं, "आमचं आडनाव तुम्ही पाटीवर वाचलं होतं. आमच्याकडचा चहा तुम्हाला चालतो. जावई चालला नाही."

ते बशीकडं बघत राहिले. मला वाटलं उठून जातील.

"हाव," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तसंच हाय. मी चहा पितो आन् मनात म्हणतो, ह्या माणसांत काय कमी हाय? काहीच न्हाई. मंग तव्हा मी काय केलं? मला त्याचं उत्तर देता येत न्हाई, मॅडम."

मी कप उचलून आत नेले. बाहेर आले तेव्हाही ते तसेच बसले होते.

"रविवारी मी मोकळी आहे," मी म्हटलं. "गाडी काढते. पार्सल तुम्हीच नेऊन द्या."

रविवारी सकाळी सहाला ते इस्त्रीचा सदरा घालून फाटकात उभे होते. खोकं मांडीवर घेऊनच पुढं बसले, डिकीत ठेवा म्हटलं तरी ऐकलं नाही. भोकरला चहाला थांबलो. काकांनी चहा निम्मा टाकून दिला आणि रस्त्याकडं बघत विचारलं, "मॅडम, हितून परत फिरलो तर घरी जायला अंदाजे किती वाजतील?"

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. मी गाडी सुरू केली. तेही येऊन बसले.

हिमायतनगर मागं पडलं, पुढं झाडं दाट होत गेली. वैशालीचं गाव किनवटच्या अलीकडं, रस्ता सोडून आत. पत्ता विचारावा लागला नाही. उपकेंद्राशेजारच्या घरापुढं ती लाल गाडी उभी होती. अंगणात एक चष्मेवाला तरुण कपडे वाळत घालत होता. त्यानं गाडीतून उतरणाऱ्या काकांकडं पाहिलं आणि हातातली ओली चादर तशीच धरून उभा राहिला. त्यानं ओळखलं होतं. काकांनीही ओळखलं असणार. स्टेटसमध्ये तोही असायचाच.

"वैशाली हाय का?" काकांनी विचारलं.

"लसीकरणाला गेली. सिस्टरच्या स्कूटीवर. बारापर्यंत येईल." त्यानं चादर दोरीवर टाकली. "या ना बाबा, आत या. मॅडम, या."

'बाबा' ऐकून काकांची मान खाली गेली. आत जायला पाय उचलेना आणि मागं फिरायलाही. शेवटी ते म्हणाले, "मी... गाडी बघतो जरा."

आणि खरंच जाऊन लाल गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. खिशातून कॅलिपर काढला. प्रशांत माझ्याकडं बघू लागला. मी पायरीवर टेकले.

थोड्या वेळानं तो हळूच त्यांच्याजवळ जाऊन बसला. "मला गाडीतलं काही कळत नाही," तो म्हणाला. "गाडीचं चाक बसलं त्या दिवशी तिनं फोन केला म्हणून मोटरसायकलवर गेलो. मलाही नट निघेना. मग मी पान्यावर उभा राहून उड्या मारल्या."

काकांनी मान वळवली. "उड्या?"

"हो. पाना वाकला. मी पडलो."

"कुठं पडलात?"

"काट्यात. बाभळीच्या."

काकांच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. मला आधी ठसका वाटला. ते हसत होते. प्रशांतही हसायला लागला, आणि मग काकांनी खोकं उघडलं.

पुढचा तास मी पायरीवरून बघत होते. मोजणीदारानं शिक्षकाला शिकवलं. आधी चाकाला दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करा, जॅक नंतर. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, कधीच नाही. हे बटण सुलटं, हे उलटं. प्रशांतनं यंत्र हातात घेतलं आणि टर्रर्र होताच दचकून सोडलं. काकांनी ते अलगद झेललं.

"घाबरू नका. हात ताठ धरला की धक्का खांद्याला बसतो. कोपर सैल. आसं न्हाई." त्यांनी प्रशांतच्या मागं जाऊन त्याचा हात आपल्या हातात धरला, बोटं एकेक करून मुठीवर नीट बसवली आणि कोपराला खालून आधार दिला. "आता दाबा."

नट सुटला. मग दुसरा. चारही सुटले, चारही परत हातानं बसवले, एकाआड एक, समोरासमोरचे, आणि शेवटी काकांनी आणलेल्या टॉर्क रेंचनं कट् आवाज येईपर्यंत आवळले. मग दुसरं चाक, मग तिसरं. दोघांचेही हात काळे झाले होते. काकांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर ग्रीसचा पट्टा उमटला होता.

चौथ्या चाकाशी ते बसले असताना फाटकात स्कूटी थांबली. मागून एक बाई उतरली. खांद्याला लशीची निळी पेटी, पायात बूट, वेणी घट्ट. चेहरा उन्हानं रापलेला, पण कपाळ काकांचं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग त्याच्या शेजारी बसलेल्या पाठीकडं. ती बराच वेळ फाटकाजवळच उभी राहिली. स्कूटी निघून गेली तरी ती उभीच.

"काय झालं गाडीला?" तिनं विचारलं.

काका उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. वळले. हातातला नट त्यांनी सदऱ्याला पुसला, आणखी एक डाग पाडला.

"गाडीला काही झालं न्हाई," ते म्हणाले.

"मंग?"

"मीच आलो."

एवढंच. तीन वर्षांचं साठलेलं काहीतरी बोलायचं ते ठरवून आले असतील, भोकरपर्यंत मनात घोकलं असेल. त्यातलं एकही वाक्य निघालं नाही. वैशालीनं पेटी खाली ठेवली. तिचे ओठ हलले, काहीतरी मोठं बोलायचं होतं तिलाही, आणि बोलायचा तिला हक्क होता. पण तिची नजर त्यांच्या सदऱ्यावर गेली, मग हातांवर.

"कधी निघाला होता?"

"सहाला."

"खाल्लं का काही?"

"न्हाई."

"ज्वारीची भाकरी चालंल ना?" तिनं तोंड फिरवलं आणि मग ते वाक्य पूर्ण केलं, "आमच्या घरची?"

अंगणाच्या कडेला नळ होता, तिथं जाऊन काका हात धुवायला लागले. ग्रीस निघेना. प्रशांतनं आतून धुण्याची पावडर आणून त्यांच्या तळहातावर ओतली. दोघांनी एकाच नळाखाली हात चोळचोळून धुतले. मग काकांनी चप्पल काढली, उंबऱ्याशी क्षणभर थांबले आणि आत गेले.

आम्ही चौघं जेवलो. वैशाली वाढताना बापाच्या ताटाकडं बघत होती, तोंडाकडं नाही. काकांनी तीन भाकरी खाल्ल्या. जेवण झाल्यावर तिनं पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही जे बोलला, ते मी विसरले न्हाई."

"मी बी न्हाई," काका म्हणाले. "तू विसरू नको."

प्रशांत ताटं उचलू लागला. काकांनीही आपलं ताट उचललं आणि त्याच्यामागोमाग मोरीकडं गेले.

अडीच वाजले. मला उजेडात घरी पोचायचं होतं, म्हणून मी निघाले. काका मला सोडायला गाडीपर्यंत आले. मी दार उघडून त्यांच्यासाठी थांबले. ते बसले नाहीत. खिशातून घराची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि रस्त्याकडं बघत, कामाचं सांगावं तसं म्हणाले,

"मॅडम, बुधवारी पाणी येतंय आपल्याकडं. माझी टाकी भरून घ्या. आन् मंग पुढच्या रविवारी येतंय. तव्हा बी भरा."